घरच्या शांततेचं रेकॉर्डिंग

कानाची यंत्रं बसवणाऱ्या माणसाला लोकांनी बोळा म्हणावं, यात कुणाला थट्टा दिसेल. पण हे नाव त्याला धंद्याच्या कितीतरी आधी चिकटलं होतं. वडील पत्र्याच्या पेट्या करायचे. कारखाना पुढे, घर मागे, आणि मधे एक दार, तेही सदा उघडं. सकाळी डोळा उघडायच्या आत हातोडा सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. हा मुलगा कानात कापसाचे बोळे घालून अभ्यासाला बसायचा, बोळे घालूनच जेवायचा, आणि एकदा तसाच शाळेत गेला. मास्तरांनी तीनदा नाव पुकारलं तरी गडी ढिम्म. त्या दिवसापासून तो बोळा. पुढे केस विरळ झाले, पोट सुटलं, चष्मा लागला, तरी बोळा तो बोळाच. शेजारच्या गाळ्यातला कुलूपवाला तर चारचौघांत मुद्दाम अदबीने ‘बोळासाहेब’ अशी हाक मारायचा, आणि तेवढ्यावरून दोघांचं रोज वाजायचं.

बोळे घालायचं वडिलांना मात्र कधी सुचलं नाही. चाळिशीनंतर त्यांचे कान जायला लागले. मीठ मागायचं तरी ते आरोळी ठोकून मागत. आई काही सांगायला लागली की तिच्या ओठांकडे बघत बसत आणि भलतंच उत्तर देत. पोरं हसायची. बोळाही हसायचा. मग हळूहळू वडिलांनी विचारणंच सोडलं, आणि भिंतीला टेकून नुसते सगळ्यांची तोंडं न्याहाळू लागले. माणूस घरात असून घरातून गेला आणि हे गोंगाटाने केलं, असं बोळाच्या मनाने घेतलं ते कायमचं. कुणाचं शेजाऱ्याशी वैर असतं, कुणाचं सख्ख्या भावाशी. याचं गोंगाटाशी होतं.

त्या वैरावरच त्याने पोट भरलं. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान होतं. बाहेरच्या खोलीत टेबल, संगणक, एक छोटा फ्रीज आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. आत कपाटापेक्षा थोडी मोठी अशी, भिंतींना स्पंज लावलेली खोली. तिथे बसवून तो लोकांचे कान तपासायचा, कानाचा ठसा घ्यायचा, आणि त्या ठशाबरहुकूम साचा बनवून त्यात यंत्र बसवून द्यायचा. यंत्र कानात घट्ट बसलं पाहिजे, फट राहता कामा नये, हा त्याचा पहिला कायदा. दुसरा कायदा असा की सकाळी जाग आली की डोळे चोळायच्या आधी यंत्र कानात गेलं पाहिजे आणि रात्री डोळे मिटेपर्यंत ते काढायचं नाही, फक्त अंघोळीपुरती सुट्टी. सवय व्हायला वेळ लागतो, म्हणायचा, आणि जी माणसं काढ-घाल करतात त्यांची यंत्रं शेवटी कपाटात पडतात.

पण त्याची खरी हुशारी पुढेच होती. ही नवी यंत्रं येणाऱ्या आवाजाचे पट्टे पाडतात. जाडा आवाज एका पट्ट्यात, त्याहून बारीक दुसऱ्यात, असे सतरा-अठरा. मग प्रत्येक पट्ट्यावर नजर ठेवायची. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज चढतो, पडतो, तुटतो, पुन्हा उठतो. पंखा, फ्रीज, मोटार यांना चढउतार ठाऊक नाही, ते आपले एका सुरात. तेव्हा ज्या पट्ट्यात आवाज हलता आहे तो मोठा करायचा, आणि ज्यात सपाट आहे तो दाबायचा. गोंगाट गाळण्याची सगळी विद्या एवढ्यावर उभी आहे. बायकोला त्याने हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे एक दिवस तुम्ही मलाही दाबणार. तो म्हणाला, ते शक्य नाही, तुझा आवाज एका जागी ठरतच नाही. त्या दिवशी जेवण त्याने स्वतःच वाढून घेतलं.

बाकीचे दुकानदार यंत्र कंपनीकडून जसं येईल तसं कानात बसवून मोकळे होत. बोळाचं तसं नव्हतं. तो म्हणायचा, प्रत्येक घराचा गोंगाट निराळा. कुणाच्या खाली पिठाची गिरणी, कुणाच्या भिंतीपलीकडे लिफ्ट. म्हणून तो गिऱ्हाइकाला घरची शांतता आणायला सांगायचा. म्हणजे असं, की घरात कुणी बोलत नसताना फोनवर पाच मिनिटं रेकॉर्डिंग करायचं, टीव्ही बंद, भांडी नाहीत, गप्पा नाहीत. कुणीच बोलत नसताना जे ऐकू येतं तोच त्या घराचा गोंगाट. ते तो पडद्यावर पसरून बघायचा, आणि जो पट्टा उगाच डोकं वर काढून उभा दिसेल त्याला हाताने, जपून, छाटून टाकायचा. या पद्धतीचा त्याला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर ती पद्धत चांगलीच होती. कितीतरी म्हातारी माणसं त्याच्या दुकानातून बाहेर पडताना रडली होती.

शिवणकाम करणाऱ्या मावशी त्याच्याकडे आल्या त्या शेजारच्या सुनेबरोबर. अंगाने काडी, बोटांना सुयांचे घट्टे, आणि बोलणं कमी. हल्ली दारावरची बेल ऐकू येत नव्हती, गिऱ्हाइकं बेल वाजवून परत जात होती. आलेल्या गिऱ्हाइकाने बाही थोडी सैल ठेवा म्हटलं तर मान डोलवायच्या आणि अंदाजाने शिवायच्या. काम सुटत चाललं होतं. बोळाने कान तपासले. जाडा आवाज बरा येत होता, बारीक आवाज जवळजवळ गेलेला. या वयात बहुतेकांचं असंच होतं, त्याने सांगितलं, आणि घरची शांतता आणायला सांगितली.

रेकॉर्डिंग शेजारच्या सुनेनेच करून आणलं. मुलगी इमानी होती. कुणीही बोलत नाही अशी वेळ साधली, शिलाई मशीन थांबवलं, नळ बंद केला, आणि फोन टेबलावर ठेवून पाच मिनिटं श्वाससुद्धा जपून घेतला. बोळाने ते पडद्यावर पसरलं आणि खूश झाला. डावीकडे, जाड्या आवाजांत, एक पट्टा खांबासारखा उभा. अगदी सपाट, एका सुरात. मधेच क्षणभर थांबायचा आणि पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा. ही पाण्याची मोटार, त्याने तिथल्या तिथे निदान केलं. थांबतेय म्हणजे हवा धरतेय. तुमच्या इमारतीत कुणाला तरी सांगा, मोटार एकदा बघून घ्या म्हणून. शेजारच्या सुनेने हो म्हटलं. तिला मोटारीचं काही माहीत नव्हतं.

त्याने तो पट्टा छाटला, आणि किती मनापासून छाटला. एरवी थोडा दाबून सोडून देणारा माणूस, इथे त्याने मुळापासून काढला. यंत्र बसवलं. मावशींनी टेबलावर कात्री ठेवली आणि खणकन झालेल्या आवाजाने दचकून स्वतःच हसल्या. बाहेर पडताना जिन्यात शेजारच्या सुनेने बोळाला हळूच सांगितलं की मावशींना एकच मुलगा आहे, पण तो जन्मापासून बोलत नाही, तेव्हा आता निदान बाहेरच्यांचं तरी त्यांच्या कानी पडेल, फार बरं झालं. बोळाला त्या दिवशी घरी जाताना वडिलांची आठवण आली आणि बरंही वाटलं.

पुढच्या तपासणीला मावशी एकट्याच आल्या. बेल ऐकू येते, कुकर ऐकू येतो, गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळतं. तुम्ही सांगितलंत तसं दिवसभर घालते, उशीपाशीच ठेवते. चेहरा मात्र ओढलेला होता. बोळाने विचारलं, त्रास होतो का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्याने वहीत ‘समाधानी’ असं लिहून टाकलं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी दुकान रिकामं असताना, मावशी दारात उभ्या राहिल्या. या वेळी बरोबर मुलगा होता. नाव छोटू, आणि अंगाने असा की दारातून वाकून आत आला. कानशिलांवर पांढरे केस, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि डाव्या मनगटावर पट्टी. मावशींनी त्याला बाकड्यावर बसवलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसला.

मावशी टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हे मशीन परत घ्या.”

बोळाला वाटलं, कानाला टोचत असेल, साचा घासून देऊ. पण तक्रार यंत्राची नव्हतीच. मशीन गुणी आहे, त्या म्हणाल्या, सगळं ऐकवतं. कामंही परत यायला लागली. पण हे कानात घातलं त्या दिवसापासून पोरगं गप्प झालं. आधी आमचं दिवसभर चालायचं, त्याचं आणि माझं. आता शब्द नाही. जवळ येतो, हात धरून ओढतो, तोंडाकडे बघतो, पण बोलत म्हणून नाही. परवा ताट भिरकावलं. काल स्वतःच्या मनगटाला चावला, रक्त येईपर्यंत. शेजारणीला विचारलं, छोटू अलीकडे बोलत नाही ना गं? ती म्हणाली, मावशी, छोटू कधी बोलतो? सगळ्यांच्या ध्यानात आलंय. रुसलाय तो माझ्यावर. मी जगाचं ऐकायला निघाले ना. मला नाही ऐकायचं जगाचं.

हे सगळं त्या खाली मान घालून सांगत होत्या, आणि बोळाचं, लाज वाटावी अशी गोष्ट, अर्धं लक्ष भलतीकडेच होतं. खोलीत कसलीशी घरघर येत होती. मुलगा जन्मापासून बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं, तेव्हा बाईंच्या मनावर परिणाम झालाय हे त्याने ठरवून टाकलं होतं, आणि आता ती घरघर त्याला छळत होती. तो मान डोलवत उठला आणि त्याने पंख्याचं बटण बंद केलं. घरघर तशीच. फ्रीजची पिन काढली. तशीच. खिडकीतून खाली बघून आला. हा कुलूपवाल्याचाच काहीतरी उद्योग, असं मनाशी म्हणत तो परत टेबलाशी आला.

“असू दे मावशी,” तो म्हणाला, “काढून ठेवू. महिनाभराने मन झालं तर परत या.” आणि त्याने त्यांच्या कानांतली दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली.

मावशींनी झटकन मान वर केली. यंत्राविना त्यांना बोळाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, बेल येत नव्हती, कात्री येत नव्हती. पण त्या बाकड्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बोळा बघतच राहिला.

“बोलला,” त्या म्हणाल्या. “ऐकलंत? बोलला तो.”

बोळाने बाकड्याकडे पाहिलं. छोटू भिंतीकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले. पण गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टाखाली छाती थरथरत होती, आणि ती घरघर तिथून येत होती. जाडी, सपाट, एका सुरातली. मधेच क्षणभर थांबायची, आणि पुन्हा तिथूनच सुरू व्हायची. थांबायची ती श्वास घ्यायला.

पडद्यावरचा तो खांब बोळाच्या डोळ्यांसमोर आला. आपण त्याला हवा धरणारी मोटार म्हटलं होतं. शेजारच्या सुनेने कुणीही बोलत नसतानाची वेळ साधली होती, आणि तिच्या लेखी कुणी बोलतही नव्हतं. त्या मजल्यावर सगळ्यांचे कान त्या घरघरीला इतके सरावले होते की ती कुणाला आवाज वाटत नव्हती. पाच मिनिटांच्या त्या शांततेत एक माणूस सलग आईशी बोलत बसला होता, आणि आपण तो शोधून, निवडून, मुळापासून छाटला. वर साचा असा घट्ट बसवला की त्याचा आवाज फटीतूनसुद्धा आत जाऊ नये. जन्मात इतकं चोख काम केलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

“मावशी, तो रुसला नव्हता,” तो म्हणाला. “मी काढून टाकला त्याचा आवाज.”

मावशी त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. गुन्हा कबूल करायचा तोही एकदा करून भागणार नव्हतं. बोळाने मान खाली घातली, यंत्रं संगणकाला जोडली आणि छाटलेला पट्टा पुन्हा जागेवर आणला.

पण तेवढ्याने भागत नव्हतं. छाटणी त्याची होती, सपाट आवाज दाबायची खोड मात्र यंत्राची मूळचीच. छोटूचा आवाज सपाट होता, मोटारीइतकाच सपाट. यंत्राला तो माणूस आहे हे पटवायचं कसं? बोळाने पट्टा थोडा वर केला, थोडा खाली केला, शेजारचे पट्टे आवळून पाहिले. छोटूला आत घ्यायचं आणि पंख्याला बाहेर ठेवायचं, असं दार त्याला कुठे सापडेना. शेवटी त्याने त्या सगळ्या पट्ट्यांवरचा पहाराच उठवला. आता त्या वाटेने छोटू येईल, आणि त्याच्या मागोमाग पंखा येईल, फ्रीज येईल, इमारतीची खरीखुरी मोटारही येईल. गोंगाटाला त्याने आपल्या हाताने दार उघडून देण्याची ही पहिलीच वेळ. बोट बटणावर जरा अडखळलं, हे मान्य केलं पाहिजे. मग त्याने साच्याला एक बारीक भोकही पाडलं, जाडा आवाज सरळ आत यावा म्हणून.

यंत्रं त्याने परत मावशींच्या कानांत बसवली आणि सगळं पुन्हा सांगितलं. यंत्राची चूक नाही, माझी आहे, हे सांगितलं. मला ती मोटार वाटली, हेही सांगितलं. ते सांगताना त्याला छोटूकडे बघवेना.

“म्हणजे तो बोलत होता?” मावशींनी विचारलं.

“रोज. सगळा वेळ.”

मावशी उठून बाकड्यावर मुलाशेजारी जाऊन बसल्या, पट्टी बांधलेला हात त्यांनी मांडीवर घेतला, आणि पट्टीवरून बोटं फिरवत राहिल्या. बोळाला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि चष्मा पुसायचं निमित्त त्याचं केव्हाच वापरून झालं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला की आता पंख्याचा, फ्रीजचा थोडा त्रास होईल, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

“येऊ दे,” मावशी म्हणाल्या.

त्याने पंखा लावला, फ्रीजची पिन जोडली. खोली तिच्या नेहमीच्या आवाजांनी भरली, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी छोटूची घरघर चालू होती. मावशी मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या. मग एकाएकी त्या उठल्या.

“भाऊ, संडास कुठेय तुमच्याकडे?”

बोळाने खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. गॅलरीच्या टोकाला, तो म्हणाला, बल्बचं बटण बाहेरच्या बाजूला आहे, तुम्हाला दाखवायला येऊ का?

“मला नाही हो,” मावशी म्हणाल्या. “त्याला. केव्हाचा सांगतोय.”

बोळाने छोटूचा हात धरला. हात जड आणि गरम होता, आणि ती घरघर हातातूनसुद्धा लागत होती. दोघं गॅलरीतून गेले. कुलूपवाला आपल्या दारातून काहीतरी अदबीचं बोलणार होता, पण बोळाचा चेहरा बघून त्याने तोंड मिटलं. बोळाने बल्ब लावला, छोटूला आत सोडलं, दार लोटून घेतलं आणि बाहेर उभा राहिला.

आतून आवाज येत होता. बोळाने डोळे मिटून ऐकला. आयुष्य आवाज ऐकण्यात गेलेला माणूस, जीव कानात आणून ऐकू लागला. कुठे चढतोय का, कुठे पडतोय का. पण तो तसाच होता, सपाट, मघाशी होता तसाच, पहिल्यापासून होता तसाच. त्याला त्यात काही म्हणजे काही कळेना.

“झालं त्याचं,” दुकानाच्या दारातून मावशींनी आवाज दिला. “दार ढकला, भाऊ. त्याला आतून उघडता येत नाही.”

बोळाने दार ढकललं. छोटू हात धुऊन, दाराकडे तोंड करून उभा होता.